डोंगराआडचा वारा आणि ग्लायडरचे उतरणे

मे महिन्याच्या दुपारी लू सुटली म्हणजे आपल्या किल्ल्याच्या पश्चिमेला, उरवाईच्या वर, घारी पाहाव्यात. पंख पसरून त्या कड्याला समांतर येरझारा घालीत असतात. बराच वेळ पंख हलवण्याचे नाव नाही. पंखांच्या टोकांशी काय ती थोडी चाळवाचाळव, बाकी सारे काम वारा करतो. तीच घार किल्ला ओलांडून पूर्वेच्या अंगाला आली की चित्र पालटते. ती डगमगते, शेपटी सारखी इकडेतिकडे वळवते, दोन-चार वेळा जोराने पंख मारते आणि तेथून लांब निघून जाते.

याचे कारण घारीत नाही, किल्ल्यात आहे. ग्वाल्हेरचा डोंगर दक्षिणोत्तर पसरलेला आणि भोवतालच्या सपाटीपासून सुमारे तीनशे फूट उंच. पश्चिमेचा वारा या भिंतीवर आदळला की त्याला वर चढण्यावाचून गती नाही. माथा ओलांडल्यावर मात्र तोच वारा पलीकडे कोसळतो, मागे वळतो, आपल्याच अंगावर गुंडाळला जातो. पश्चिमेला जी उचल फुकट मिळते तिची वसुली पूर्वेला होते. घारीला हे जन्मतः ठाऊक असते. माणसाने ते शिकण्यासाठी सव्वाशे वर्षे घालवली आणि कित्येक जीव गमावले. हा धडा ज्यांना सर्वांत महाग पडला ते ग्लायडरचे वैमानिक, आणि तोही बहुधा उतरण्याच्या वेळी.

ग्लायडर म्हणजे इंजिनावाचून उडणारे विमान. दुसऱ्या विमानाने ओढून किंवा जमिनीवरच्या यंत्राने दोर गुंडाळून त्याला वर चढवतात आणि सोडून देतात. तेथून पुढे ते हवेतून सतत खाली घसरत असते. शिकाऊ ग्लायडर शांत हवेत एक किलोमीटर उंचीवरून पंचवीस-तीस किलोमीटर जाते. उत्तम बांधणीचे आजचे ग्लायडर पन्नासाच्या आसपास. आजूबाजूची हवाच जर घसरण्याच्या वेगाहून जास्त वेगाने वर चढत असेल तर ग्लायडरही वर चढते, आणि वैमानिक कुशल असेल तर तासन् तास वर राहतो. पण केव्हातरी उतरावे लागतेच. इंजिनाच्या विमानाला उतरण्याचा बेत फसला तर पुन्हा वर चढून एक फेरी मारून येता येते. ग्लायडरला ती सोय नाही. गवई आवर्तनात कितीही फिरला तरी त्याला समेवर यावे लागते. पण सम चुकली तर पुढच्या आवर्तनात तो सावरून घेतो. ग्लायडरच्या वैमानिकाला पुढचे आवर्तन नसते. म्हणून जमिनीजवळचा वारा कसा वागतो हा त्याच्यापुढचा खरा प्रश्न होय.

तार का गुणगुणते?

वारा अडथळ्यामागे काय करतो हे समजून घ्यायला डोंगरावर जायलाच हवे असे नाही. उघड्या माळावर वारा वाहत असताना तारेच्या खांबाला कान लावावा. तार गुणगुणत असते. तारेला कोणी छेडलेले नसते. वाऱ्याने मात्र तिला वळसा घातलेला असतो. वळसा घालून पुढे गेलेली हवा तारेमागे सरळ राहत नाही. एकदा वरच्या अंगाने, एकदा खालच्या अंगाने, अशी तिची भोवऱ्यांमागून भोवरे सुटत जाणारी रांग तयार होते. या आळीपाळीच्या भोवऱ्यांतून स्वर निघतो.

विन्सेंट्स स्ट्रूहाल या शास्त्रज्ञाने १८७८ साली या स्वरांचा अभ्यास करून त्यांचा हिशेब मांडला. तो सोपा आहे: वाऱ्याच्या वेगाला अडथळ्याच्या जाडीने भागावे आणि त्याचा पाचवा हिस्सा घ्यावा, सेकंदाला साधारण तितकी आवर्तने होतात. वारा सेकंदाला दहा मीटर आणि तार चार मिलिमीटर जाड असेल तर सेकंदाला पाचशे कंपने येतात. गायिकेच्या तारसप्तकात बसेल असा तो स्वर होतो. आता तारेच्या जागी वीस मीटर रुंदीची इमारत ठेवा. तोच वारा, तेच गणित. पण भोवरा दहा सेकंदांनी एकदा सुटेल. कानाला तो ऐकू येणार नाही. इमारतीमागून जाणाऱ्या सायकलस्वाराला मात्र तो एकदा डावीकडून आणि एकदा उजवीकडून धक्का देईल. तारेच्या जागी सुटा उभा असलेला एक किलोमीटर रुंदीचा डोंगर धरला तर एका आवर्तनाला आठ मिनिटे लागतील. डोंगर तारेसारखा गोल आणि गुळगुळीत नसतो, म्हणून त्याच्यामागचे भोवरे इतके नियमित नसतात. एका मोठ्या भोवऱ्याच्या पोटात दहा लहान, त्यांच्या पोटात आणखी लहान, असा तो पसारा असतो. मात्र तत्त्व एकच. वाऱ्याला आडवे आलेले जे जे काही असेल त्याच्यामागे हवा विस्कटते, आणि अडथळा जितका मोठा तितकी ती विस्कट लांबवर आणि उंचवर पसरते.

आपल्याकडे लष्करातल्या गच्च्यांवर पतंग उडवणाऱ्या मुलांना हे कोणी शिकवावे लागत नाही. शेजारच्या उंच माडीच्या आडोशाला उभे राहून कितीही ढील द्या, पतंग गोते खातच राहतो. मुलगा जागा बदलतो. वैमानिकालाही शेवटी तेवढेच करायचे असते. फरक इतकाच की पतंगाऐवजी तो स्वतः मांज्याच्या टोकाला असतो, आणि मांजा नसतो.

डोंगराची पुढची बाजू

उड्डाणाच्या इतिहासात डोंगराचा पुढचा उतार आधी कळला, मागचा नंतर. जर्मनीतल्या ओटो लिलिएंटालने १८९४ साली बर्लिनजवळ लिश्टरफेल्डे येथे पंधरा मीटर उंचीची शंकूच्या आकाराची टेकडीच बांधून घेतली. तिला सर्व बाजूंनी सारखा उतार होता. वारा कोणत्याही दिशेचा असो, त्याच्याकडे तोंड करून उडी घेता यावी हा हेतू. पक्ष्यांच्या उड्डाणावरचा त्याचा ग्रंथ १८८९ साली निघाला होता. त्यानंतर त्याने सुमारे दोन हजार उड्डाणे केली. ९ ऑगस्ट १८९६ रोजी श्ट्योल्न गावाजवळच्या टेकडीवर त्याच्या ग्लायडरचे नाक हवेच्या झोताने एकाएकी वर उचलले गेले, वेग संपला आणि ते सुमारे पंधरा मीटरांवरून कोसळले. त्याचा कणा मोडला आणि दुसऱ्या दिवशी तो गेला. उंची आणखी असती तर नाक खाली करून वेग परत मिळवायला जागा होती. जमिनीजवळ ती नसते. या एका वाक्यात ग्लायडरच्या उतरण्याची सारी अडचण येते.

अमेरिकेतल्या राइट बंधूंनी लिलिएंटालचे लिखाण अभ्यासले आणि त्याचा मृत्यूही. किटी हॉकजवळच्या वाळूच्या टेकड्यांवर १९०० ते १९०२ या काळात त्यांनी आधी ग्लायडर उडवून हात बसवला, इंजिन त्यानंतर आले. पुढे २४ ऑक्टोबर १९११ रोजी ऑर्विल राइट त्याच टेकडीसमोर जोराच्या वाऱ्यात ९ मिनिटे ४५ सेकंद हवेत राहिला. हा विक्रम दहा वर्षे टिकला. तो १९२१ साली मोडला फ्रीडरिश हार्ट या जर्मनाने, आणि त्या उड्डाणाच्या शेवटी त्याचे यंत्र कोसळून तो जबर जखमी झाला.

पहिल्या महायुद्धानंतरच्या तहाने जर्मनांच्या इंजिनाच्या विमानांवर कडक बंधने आली. म्हणून तेथील विद्यार्थी ऱ्ह्योन भागातल्या वासरकुप्पे या ९५० मीटर उंचीच्या डोंगरावर जमू लागले. १९२० पासून तेथे दरवर्षी स्पर्धा होऊ लागल्या. १९२२ च्या ऑगस्टमध्ये हानोव्हरच्या विद्यार्थ्यांच्या ग्लायडरने प्रथम एक तास, मग दोन, मग तीन तासांहून अधिक काळ डोंगरासमोर राहून दाखवले. वारा चढतो त्या बाजूला राहावे, ही विद्या येथे पक्की झाली.

आपल्या सह्याद्रीत ही चढती हवा डोळ्यांना दिसते. पावसाळ्यात नाणेघाटाच्या तोंडाशी कड्यावरून पडणारे पाणी कोकणातून चढणारा वारा उलट वर फेकतो. लोक त्याला उलटा धबधबा म्हणतात. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावरून हलकी वस्तू खाली टाकली तर ती वर परत येते असे तेथे जाऊन आलेले सांगतात. तोच वारा घाटमाथा ओलांडून देशावर उतरताना काय करतो, हे मात्र पाण्याच्या तुषारांनी दिसत नाही. ते न दिसणारे अर्धे चित्र वैमानिकाला मनाने पुरे करावे लागते.

जमिनीलगत वारा मंदावतो

डोंगर, झाड, घर काही नसले तरी नुसती जमीनही वाऱ्याला अडवते. गवत, ढेकळे, बांध यांच्याशी घासून तळची हवा मंदावते. ती वरच्या थराला ओढते, तो त्याच्या वरच्याला. म्हणून शंभर मीटर उंचीवर जोराचा वारा असताना माणसाच्या डोक्याशी तो अर्ध्यावर आलेला असतो. खडबडीत जमिनीवर हा फरक अधिक.

उतरणाऱ्या ग्लायडरला याचा काय उपद्रव होतो ते आकड्यांनी पाहू. पंखांना उचल मिळते ती हवेशी असलेल्या वेगातून. जमिनीशी असलेला वेग तेथे कामाचा नाही. समजा, एखाद्या ग्लायडरची उचल ताशी ६० किलोमीटरच्या खाली सुटते. म्हणजे त्याहून कमी वेगाने पंख उड्डाण सांभाळू शकत नाहीत आणि ग्लायडर दगडासारखे बसते. वैमानिक ताशी ९० च्या वेगाने येत आहे आणि समोरून ४० चा वारा आहे. जमिनीशी त्याचा वेग झाला ५०. आता जमिनीजवळच्या मंद थरात तो झपकन शिरला आणि वारा १५ वर आला. ग्लायडरचे वजन काही क्षणात वेग बदलू देत नाही. जमिनीशी वेग अजून ५० च आहे. मग हवेशी वेग उरला ६५. वैमानिकाने काही चूक केलेली नाही, कांडी हलवलेली नाही, तरी तो धोक्याच्या काठावर येऊन ठेपला. आणि खाली जमीन दहा-पंधरा मीटरांवर.

म्हणून ग्लायडर शिकवणारे एक साधा हिशेब पाठ करून घेतात. उचल सुटण्याच्या वेगाच्या दीडपट वेग धरावा, आणि समोरच्या वाऱ्याच्या वेगाचा निम्मा त्यात मिळवावा. वरच्या उदाहरणात ९० अधिक २०, म्हणजे ११०. मग वारा २५ ने गळाला तरी ८५ उरतात आणि उतरण्यापुरती शिल्लक राहते. हिशेब सोपा असला तरी अंगवळणी पडायला कठीण. शहाण्या माणसाला जमीन जवळ आली की हळू व्हावेसे वाटते. येथे जमीन जवळ येत असताना वेग वाढवून नाक खाली धरायचे असते.

शेवटचे वळणही पुरेशा उंचीवर घेऊन संपवायचे, त्याचे कारणही हेच. तिरप्या झालेल्या ग्लायडरचा एक पंख वरच्या जोराच्या वाऱ्यात आणि दुसरा खालच्या मंद वाऱ्यात असतो. दोन्ही पंखांची उचल सारखी राहत नाही आणि वळण हाताबाहेर जाऊ शकते. म्हणून शंभर मीटरच्या खाली मोठे वळण नको, असा दंडक बहुतेक ठिकाणी पाळतात.

आडोशाचा सापळा

यापुढचा धोका आडोशाचा. बाहेरगावी उतरायची पाळी आलेल्या वैमानिकाला वरून एखादे शेत फार सुरेख दिसते. एका कडेला आमराई, पलीकडे टेकडी, मध्ये सपाट जमीन. वारा लागू नये म्हणून जणू कोणी मुद्दाम राखलेले. माणसाला आडोसा म्हणजे आसरा वाटतो. ग्लायडरला तो सापळा असतो. झाडांच्या रांगेमागे विस्कटलेली हवा झाडांच्या उंचीच्या दहा-पंधरा पट अंतरापर्यंत जाते. पंधरा मीटर उंचीची आमराई असली तर दीडशे ते सव्वादोनशे मीटर. लहान शेताचा निम्मा भाग त्यातच संपला. त्या भागावरून येताना हवा खाली ढकलते, पुढच्या क्षणी वर उचलते, एक पंख दाबते. आणि ग्लायडर ठरवलेल्या जागेच्या अलीकडेच जमिनीला लागते.

टेकडीच्या मागे हेच मोठ्या मापाने होते. उतार मंद असेल तर वारा त्याला धरून खाली येतो आणि नुसता दाब जाणवतो. उतार उभा असेल तर वाऱ्याचा पाय उताराला टेकत नाही. तो माथ्यावरून सुटतो, आणि खाली उरलेल्या पोकळीत हवा उलट्या दिशेने फिरू लागते. तेथे जमिनीवर उभ्या माणसाला वारा डोंगराकडे वाहताना दिसतो, आणि त्याच्या डोक्यावर शंभर मीटरांवर तो डोंगराकडून येत असतो. अशा मैदानाच्या दोन टोकांना लावलेल्या, वाऱ्याची दिशा दाखवणाऱ्या कापडी पिशव्या कधी कधी एकमेकींकडे तोंड करून फुगलेल्या दिसतात. वैमानिकाने कोणत्या पिशवीवर विश्वास ठेवावा? अनुभवी माणूस दोन्हींवर ठेवतो, आणि मध्ये कोठेतरी वारा पालटणार हे धरून चालतो.

डोंगरमाथ्यावरच्या मैदानांचा प्रकार आणखी वेगळा. इंग्लंडातल्या श्रॉपशरमध्ये लाँग मिंड नावाच्या पठारावर १९३४ पासून ग्लायडर उडतात. पठाराचा पश्चिमेचा उतार वाऱ्यासमोर उभा. त्यामुळे चढती हवा विपुल. पण उतरताना वाऱ्याकडे तोंड करायचे तर पूर्वेकडून, म्हणजे पठाराच्या पाठीवरून यावे लागते. ज्या वाऱ्याने दुपारभर वर ठेवले तोच तेथे खाली कोसळत असतो. नेहमीच्या उंचीवरून निघालेला नवखा माणूस पाहता पाहता माथ्याच्या पातळीखाली जातो. म्हणून अशा ठिकाणी मुद्दाम जास्त उंचीवरून यायचे, पंखांवरचे अडसर आधी थोडेच उघडायचे, हवा खाली दाबू लागली की ते मिटून टाकायचे, आणि मैदानाची कड न साधता आतली जागा साधायची. मैदान थोडे वाया गेले तरी चालेल.

आल्प्ससारख्या डोंगराळ मुलखात आणखी एक नियम आहे. शेत चांगलेच उताराचे असेल तर ग्लायडर चढाकडे तोंड करूनच उतरवावे, वारा थोडा पाठीमागून असला तरी. उताराकडे तोंड करून उतरणारे ग्लायडर जमिनीला टेकतच नाही. जमीन त्याच्याखालून पळत राहते, आणि शेताच्या टोकाला बांध किंवा ओढा असतो.

लांबवरचा भोवरा

इतके सगळे डोंगराच्या जवळचे. पण मोठ्या पर्वतरांगेमागे वाऱ्याच्या लाटा उठतात, पाण्यातल्या दगडापुढे प्रवाहात उठाव्यात तशा, आणि त्या एका जागी उभ्या राहतात. १९३३ साली सायलेशियातल्या पर्वतांजवळ जर्मन वैमानिकांना त्या प्रथम सापडल्या. योआखिम क्यूटनर याने १९३७ च्या सुमारास ग्लायडरनेच त्यांचा अभ्यास केला. या लाटेत हवा रेशमासारखी गुळगुळीत असते. २ सप्टेंबर २०१८ रोजी अर्जेंटिनाच्या दक्षिण टोकाकडे दोन वैमानिकांनी अशाच लाटांवर बसून इंजिनावाचून ७६ हजार फुटांहून अधिक उंची गाठली.

गुळगुळीत लाटेच्या खाली मात्र, तिच्या माथ्याच्या तळाशी, एक प्रचंड आडवा भोवरा लोळत असतो. लाटेत शिरताना आणि उतरताना त्याच्या शेजारून जावे लागते. अमेरिकेत सिएरा नेवाडा पर्वताच्या पूर्वेला ओवेन्स खोऱ्यात पर्वत एकदम तीन हजार मीटर खाली उतरतो. तेथे १९५१ पासून क्यूटनरच्याच सहभागाने मोठे संशोधन झाले. लॅरी एडगर आणि हॅरल्ड क्लीफोर्थ यांनी १९ मार्च १९५२ रोजी तेथे ४४ हजार फुटांवर जाऊन दोन आसनी ग्लायडरचा उंचीचा विक्रम केला. तोच एडगर २५ एप्रिल १९५५ रोजी खालच्या भोवऱ्यात सापडला. त्याच्या भक्कम ग्लायडरचे हवेतच तुकडे झाले. हवाई छत्रीने उतरला म्हणून वाचला. ५ मार्च १९६६ रोजी जपानच्या फुजी पर्वतामागच्या अशाच हवेत एक प्रवासी जेट विमान मोडून पडले आणि त्यातील सर्वच्या सर्व १२४ माणसे गेली. त्या दिवशी आकाश निरभ्र होते. फुजीपुढे ग्लायडर काय आणि जेट काय!

नक्षत्रांची नावे

हे सारे परदेशचे झाले असे वाचकांनी समजू नये. स्वातंत्र्यानंतर आपल्या नागरी विमान खात्याने देशी बनावटीची ग्लायडरे तयार करवली आणि त्यांना नक्षत्रांच्या क्रमाने नावे दिली: अश्विनी, भरणी, कार्तिक, रोहिणी, मृगशीर, आर्द्रा. अश्विनी १९५८ साली उडाले. रोहिणीत शिष्य आणि गुरू शेजारी शेजारी बसत. शिकवणाऱ्याला विद्यार्थ्याचा हात आणि चेहरा दोन्ही दिसावेत यासारखी सोय नाही, हे तबला-पेटी शिकवणारेही सांगतील.

पुण्याजवळ हडपसरच्या ग्लायडर केंद्रात कित्येक पिढ्या हे शिक्षण घेत आल्या. दोराने तीनशे मीटरांच्या आसपास चढायचे, एक फेरी घ्यायची, आणि उतरायचे. सुरुवातीला भोवताली शेते आणि माळ होता. मग पुणे शहर वाढत वाढत तेथे पोहोचले, आणि मगरपट्ट्याच्या बाजूला उंच इमारतींच्या रांगा उभ्या राहिल्या. वाऱ्याच्या दृष्टीने इमारत आणि टेकडी यांत भेद नाही. वाऱ्याच्या वाटेवर चाळीस मीटरांची इमारत उठली तर झाडांच्या हिशेबाने चारशे ते सहाशे मीटरांपर्यंत हवा नासते. विमानतळाच्या कुंपणाबाहेर कोणी काय बांधले याचा उतरणाऱ्याच्या जिवाशी असा संबंध असतो. नगररचनेचा विचार करणाऱ्यांनी इमारतीच्या उंचीबरोबर तिच्यामागच्या वाऱ्याचाही विचार करायला हवा.

आज आपली मुले ग्लायडरपेक्षा कापडी पंखाच्या पॅराग्लायडरकडे अधिक वळतात. कामशेत आणि पाचगणीच्या डोंगरांवर ती उडताना दिसतात. तेथे वाऱ्याचे नियम आणखी कडक होतात; कारण लाकडाचा किंवा धातूचा पंख भोवऱ्यात हिंदकळतो, तर कापडाचा पंख मिटून जातो. वेगही कमी, म्हणून शिल्लकही कमी. तेव्हा डोंगराच्या पाठीमागे उतरायचे नाही हा तेथला पहिला धडा असतो, आणि तो न पाळण्याची किंमत मोठी असते.

धोका असा सांगितला म्हणजे घरातल्या वडीलधाऱ्यांना वाटेल, मग मुलांनी या वाटेला जावेच कशाला? पण वर सांगितलेल्या प्रत्येक गोष्टीत एक दिलासा आहे. हवा दिसत नसली तरी डोंगर दिसतो, झाड दिसते, इमारत दिसते. वारा कोठून येतो हे कळले की त्या प्रत्येकाच्या मागे काय चालले असेल हे आधी ओळखता येते. म्हणून चांगला वैमानिक उतरण्यापूर्वी नुसते मैदान पाहत नाही. मैदानाच्या पलीकडे, ज्या बाजूने वारा येतो तिकडे पाहतो. तेथे काही उभे असेल तर उंची वाढवतो, वेग वाढवतो, टेकण्याची जागा पुढे सरकवतो.

बाकी प्रश्न उरतो भीतीचा. गाण्याच्या शिकवण्यांत नेहमी दिसते की घाबरलेल्या विद्यार्थ्याची लय वाढते. ग्लायडरात उलटे होते. घाबरलेल्याचा हात आपोआप कांडी मागे ओढतो, नाक वर येते आणि वेग जातो. जमिनीपासून दूर राहण्याची ती उपजत धडपड असते, आणि तीच त्याला जमिनीवर आपटते. हा हात सुटावा यासाठी गुरूला विद्यार्थ्याबरोबर पुन्हा पुन्हा उतरावे लागते. पुस्तक वाचून तो सुटत नाही.

म्हणून ज्यांची मुले-मुली कामशेतला जाण्याचा हट्ट धरतील त्यांनी नकार देण्याआधी शिकवणाऱ्याला एक गोष्ट विचारावी: वारा जास्त झाला तर तुम्ही काय करता? जो गुरू उत्तरात आपल्या पराक्रमाच्या गोष्टी सांगू लागेल तेथून मुलांना परत आणावे. जो म्हणेल, "आम्ही डोंगरावर चहा घेत बसतो आणि वारा उतरला नाही तर पायी खाली येतो," त्याच्या हाती मुलगा खुशाल सोपवावा.